मेरेलगतचे आडवे भात

आषाढात उच्चारलेली प्रतिज्ञा कार्तिकात वजनकाट्याला टांगली जाणार, हे घरातील सर्वांना ठाऊक होते. परंतु त्यासाठी नांदगावहून अक्का रिक्षा करून येतील आणि काट्याशेजारची एकमेव खुर्ची अडवून बसतील, याची कल्पना भाईंना नव्हती.

“तुका कोणी बोलावला गो?” चौऱ्याहत्तर वर्षांच्या भाईंनी आपल्या एकोणऐंशी वर्षांच्या थोरल्या बहिणीला विचारले.

“न्याय करूक बोलावणा लागता?” अक्कांनी पदराने मान पुसली. “एका बाजूक तू, दुसऱ्या बाजूक पुतणो. मधी कोणतरी शाणा व्हया. तुमच्या घरात तसा कोण नाय, म्हणान मी इलंय.”

मसुऱ्याच्या या घरामागे दहा गुंठ्यांचा एक कुणगा, म्हणजे भातशेताचा तुकडा, होता. मधोमध मातीची मेर, बुटका बांध, घालून त्याचे दोन समान भाग केले होते. दोन्ही भागांत एकच बियाणे, एकाच दिवशी लावलेले. मेरेच्या अलीकडे भाईंनी आपल्या वहिवाटीप्रमाणे युरिया आणि मिश्रखत दिले. पलीकडे त्यांच्या दिवंगत धाकट्या भावाच्या मुलाने, निहारने, सलग तिसऱ्या पावसाळ्यात शेणखत, हिरवा पाला आणि पिंपात घुसळलेले जीवामृत यांवाचून काहीही पडू दिले नाही. निहारने नऊ वर्षे पुण्याच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासून त्यांवर ‘योग्य’ वा ‘बाद’ असा शिक्का मारला होता. तीन वर्षांपूर्वी तो पत्नी श्रियेसह गावी परतला आणि तेव्हापासून शेणाच्या वासाचीही नोंद ठेवू लागला.

सेंद्रिय शेतात पहिली काही वर्षे दाणा थोडा उणा उतरतो, हे तो लपवीत नसे. म्हणूनच आषाढात भाईंशी लावलेल्या पैजेत त्याने दहा किलोंची सवलत मागून घेतली होती. तेवढे उणे पडले तरी जय त्याचा मानावयाचा आणि घरची तीनही एकर भातजमीन त्याच्या पद्धतीस सोपवावयाची. त्याहून अधिक उणे पडले, तर त्याने तो नाद सोडावयाचा.

“पीक किती इला ह्या अर्धा गणित, भाईकाका,” तो आषाढात म्हणाला होता. “बाहेरसून काय काय आणून इला, ता उरलेला अर्धा.”

“त्या उरलेल्या अर्ध्यान पोट भरता?” भाईंनी विचारले होते.

हा प्रश्न निव्वळ थट्टेचा नव्हता. एके काळी ज्या घरातील कणगी माघातच तळ दाखवी, त्या घरात सुधारित बियाणे आणि युरिया आणून वर्षाचा भात पुरविला तो भाईंनी. सोसायटीच्या खतगोदामाचे चिटणीसपद त्यांनी एकवीस वर्षे भूषविले. कोणते खत केव्हा द्यावे याचे कोष्टक त्यांनी स्वहस्ते त्या गोदामाच्या भिंतीवर रंगविले होते, आणि गाव अद्याप त्याच कोष्टकावर चालत होता.

पुढे भाद्रपदात पुण्याच्या त्या जुन्या कारखान्याचे बोलावणे आले आणि निहार बोलून गेला, “हरलंय तर जातंय.” होय की नाही, हे त्याने आज सायंकाळी पाचपर्यंत कळवावयाचे होते.

आंब्याच्या फांदीला काटा अडकवून लवूने भाईंचे पहिले पोते चढविले. या घरचे भात वीस वर्षे लवूच्याच हाताखालून खळ्यावर येत होते. श्रिया कुडाळच्या शाळेत गणित शिकवी. आकडे लिहून घेण्याचे काम साहजिकच तिच्याकडे आले. भाईंची पाचही पोती झाली. बेरीज एकशे चौऱ्याऐंशी किलो.

मग निहारचे पहिले पोते वर गेले. ते जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच लोंबत होते आणि अक्कांची खुर्ची त्याला अगदी खेटून होती.

“एकेचाळीस आणि वर दोनशे ग्राम,” लवूने वाचले.

भाईंनी चष्मा सरळ केला. “अक्के, हात काढ.”

“खंयचो हात?”

“पोत्यावरचो.”

“माका आधार व्हयो म्हणान धरलंय.”

“आधार खुर्चीचो घे. लवू, आता बघ.”

“एकोणचाळीस, आठशे,” लवू म्हणाला, आणि हसू येऊ नये म्हणून त्याने आंब्याच्या शेंड्याकडे पाहिले.

“बघ रे निहार,” अक्का निर्विकारपणे म्हणाल्या, “तुझ्यासाठी आत्येन दीड किलो घातलो होतो. काकान काढून घेतलो.”

निहारची चार भरली पोती झाली एकशे एकोणसाठ. त्यानंतर लवूने कोपऱ्यातून एक लहानसे पोते आणले. त्याचे भरले अकरा. एकूण एकशे सत्तर.

श्रियेने बेरीज दोनदा केली. ती तशीच राहिली. “चौदा किलो उणा,” ती म्हणाली.

सवलतीपेक्षा चार किलो अधिक. चार किलो म्हणजे या घरचे दोन दिवसांचे जेवण. तेवढ्यावर तीन एकरांचे भवितव्य लोंबकळले आणि तुटले. निहारने खिशातील फोन चाचपला आणि हात पुन्हा बाहेर काढला.

अक्कांनी मात्र हार मानली नाही. “भात कोण खाता? म्हशी? तांदूळ करा, मगे वजन करा. युरियाच्या भातात कोंडोच जास्ती.”

“वन्सं, उकडूक, सुकवूक, भरडूक तीन दिवस जातले,” भाईंच्या पत्नी सावित्रीकाकी ओटीवरून म्हणाल्या.

“मगे तीन दिवस रवतंय. नांदगावाक माझी वाट कोण बघता?”

“करार भाताचो होतो,” भाई म्हणाले. “तांदळाचो नाय.”

“भाईकाकांचा बरोबर आसा,” श्रिया म्हणाली.

सर्वांनी वळून तिच्याकडे पाहिले. निहारने तर असे पाहिले, जणू आपल्याच पिंपातले जीवामृत उलटून अंगावर आले. श्रिया शांतपणे वही मिटीत होती. “आकडो आवडलो नाय म्हणान माप बदलूचा नसता. मी पोरांका ह्याच शिकवतंय.”

अक्कांनी तिचा नाद सोडला आणि भावाचे मुख न्याहाळले. त्यांना काहीतरी खटकले. हा तोच भाई, ज्याच्या दुधीभोपळ्याला तालुक्याच्या प्रदर्शनात दुसरा क्रमांक मिळाला तेव्हा त्याने घरोघरी पेढे वाटले होते, आणि पहिल्या क्रमांकाच्या घरी आवर्जून दोन अधिक दिले होते. आज हा घराण्याची सर्वांत मोठी पैज जिंकला. आणि उभा आहे कसा, तर दक्षिणा न मिळालेल्या भटजीसारखा. निहारकडे तर तो पाहतच नव्हता. त्याची दृष्टी त्या लहान पोत्यावरून हलत नव्हती.

“लवू,” अक्कांनी विचारले, “ह्या बारक्या पोत्यात कसला भात?”

“आडव्या पडलेल्याचा, अक्कानूं. आश्विनातल्या पावसात मेरेकडचा तेवढा झोपला. चिखल लागलो होतो, म्हणान वेगळा कापलंय, वेगळा झोडलंय. अर्धो गुंठो असात. निम्मी पळंज निघाली, दाणो भरूकच नाय.”

श्रियेने वही पुन्हा उघडली. उरलेल्या साडेचार गुंठ्यांत एकशे एकोणसाठ. म्हणजे गुंठ्याला पस्तीसच्या वर. अर्ध्या गुंठ्यात साडेसतरा यावयास हवे होते, आले अकरा. ते साडेसहा किलो जागेवर असते, तर निहार साडेसात किलोंनीच उणा राहिला असता. साडेसात हे दहापेक्षा लहान आहेत, हे सांगण्यास गणिताच्या शिक्षिकेची आवश्यकता नव्हती.

“तेवढोच कित्याक पडलो?” तिने विचारले. “वारो काय मेर बघून इलो?”

“कोण जाणा. पण पडूच्या आधी तेवढोच गर्द हिरवो, काळोभोर झालो होतो. निहार, तुका म्हटलंय नाय मी? मेरेकडचो भात असो कित्याक माजलो म्हणान?”

“म्हटलंस,” निहार सावकाश म्हणाला. “माका वाटला, मेरेवरचो पालो कुजलो थंय.” नऊ वर्षांचा परीक्षक त्याच्यात हळूहळू जागा होत होता. “चला बघूया.”

सगळे कुणग्याकडे निघाले. अक्का काठी टेकीत आल्या. सावित्रीकाकी चूल सोडून आल्या. भाई सर्वांच्या मागून आले. येण्याची त्यांना तितकीशी निकड दिसत नव्हती.

कापलेल्या शेतातही ती पट्टी उघड दिसत होती. तिथली धसकटे जाड, गर्द आणि अद्याप हिरवी. पलीकडची पिवळी, वाळकी. श्रियेने पावलांनी रुंदी मोजली. मेरेपासून दोन मीटर. या टोकाला दोन, त्या टोकालाही दोन.

“रोग असो सरळ रेषेत चलणा नाय,” निहार म्हणाला. “दोष जर एकाच रेषेत इलो, तर तो मालाचो नसता. हाताचो असता. कोणीतरी मेरेवरसून चलत चलत कायतरी टाकल्यान.”

“लवू, वायच पळंज घे मुठीत,” श्रिया म्हणाली. “मेरेवर उभो रव आणि फेक.”

लवूने फेकली. ती चांगली चार मीटरवर जाऊन पडली. निहारने फेकली, तीही तितकीच. अक्कांनी हट्टाने एक मूठ फेकली, ती त्यांच्याच पातळावर आली.

“मी सुटलंय,” त्या समाधानाने म्हणाल्या.

“काकी, तुम्ही?”

“माझ्यावर संशय?” असे म्हणत सावित्रीकाकींनी इतक्या त्वेषाने मूठ उडविली की ती लवूच्याही पलीकडे गेली. घरातील सर्वांत बळकट हात कोणाचा, हे एका क्षणात निश्चित झाले.

आता राहिले एकच. भाईंनी धोतराचा सोगा सावरला. “माका फेकूक सांगा नको. म्हायत नाय तुमका? दोन वर्सा झाली, माझो हो खांदो वर जाणा नाय.”

हे शब्द मुखातून निघताच ते परत घेता येते तर बरे, असे त्यांना वाटले. कारण सर्वांच्या दृष्टी त्या वर न जाणाऱ्या खांद्यावरून खाली उतरल्या आणि बरोबर दोन मीटरवर जाऊन थांबल्या.

सावित्रीकाकींचा हात कपाळाला गेला. पंचेचाळीस वर्षे त्यांनी पतीची बाजू घेतली होती. चुकीची असली तर जरा मोठ्याने घेतली होती. परंतु आज त्यांना भाद्रपदातील चतुर्थीचे दिवस आठवले. गणपतीसाठी भाई रोज पहाटे स्वतः फुले आणावयास जात. इतरवेळी तगर अंगणातलीच चाले. त्या पाच दिवसांत मात्र त्यांना कुणग्याकडचीच तगर हवी होती.

“म्हणान परडीत ते साबुदाणे!” त्या उद्गारल्या. “रोज परडीच्या बुडाक चार-चार पांढरे दाणे. मी ह्या चेडवाक बोललंय, साबुदाणो सगळ्या घरात सांडतंस म्हणान! अवो, तुम्ही फुलांच्या परडीतसून युरिया नेलास?”

“काकी, मी तेव्हाच म्हटलंय, आपल्या घरात साबुदाणो आणलोच नाय,” श्रिया म्हणाली.

“गणपतीच्या परडीतसून!” अक्का म्हणाल्या. त्यांच्या आयुष्यात इतका रम्य दिवस बऱ्याच वर्षांत उगवला नव्हता. “मेल्या भाई, पुतण्याचा भात झोपवूक देवाक साथीदार केलंस?”

“झोपवूक नाय!” भाई गरजले.

मग ते थांबले. मेरेवर हळूच बसले. आयुष्यभर त्यांनी सभांतून भाषणे केली होती. आता मात्र शब्द एकेक करून येत होते.

“चतुर्थीच्या आदल्या दिवशी हंयसून जात होतंय. ह्याचो भात निसवलो होतो, कणसां भायर इली होती, पण पानां फिकी. माका बघवूक नाय. माझ्या बापाशीच्या शेतात असो उपाशी भात मी पन्नास वर्सांत बघूक नाय. आणि त्याच दिवशी ता पुण्याचा पत्र इला.” त्यांनी प्रथमच निहारकडे पाहिले. “तू हरलंस तर जातलंस. तू म्हटलंस. म्हणान चार मुठी टाकलंय. तुका जिंकवूक. आत चिखलात उतरूक गुडघो देणा नाय, म्हणान मेरेवरसून टाकलंय.”

आधी बोलला तो लवू. त्याच्या मनात कपट नव्हते, शंका मात्र प्रामाणिक होती.

“पण भाईनूं, भात निसवल्यावर युरिया? गोदामाच्या भिंतीवर तुम्हीच लिवलास, निसवल्यावर युरिया देऊ नये, भात लोळतो, पळंज वाढते. माका पाठ आसा.”

भाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पैज मोडली, देवाची परडी वापरली, कुटुंबापासून लपविले. हे सारे त्यांनी कसेबसे पचविले होते. परंतु खताची वेळ चुकली, हा आरोप त्यांच्या जिव्हारी लागला.

“वेळ माका म्हायत नाय?” ते पुटपुटले. “पत्रच उशिरा इला.”

निहार मात्र हसत नव्हता. त्याच्या मनात तीन पावसाळ्यांची नोंद उलगडत होती: कोणत्या दिवशी किती शेण, किती पाला, गावातील कोणी कोणी थट्टा केली, पहिल्या वर्षी पिकाऐवजी तणच कसे माजले. या मातीत तीन वर्षांत एक दाणाही रासायनिक पडला नाही, असे तो छातीवर हात ठेवून सांगत असे. आणि काकांनी ते पाच सकाळींत पुसून टाकले होते, तेही मायेने. द्वेषाने केले असते तर भांडता तरी आले असते.

“भाईकाका,” तो म्हणाला, “माझो भात उपाशी नव्हतो. तो तसोच असता. फिको पण उभो. तुम्ही भरवलात तेवढोच आडवो पडलो.”

भाईंनी त्या हिरव्या धसकटांकडे पाहिले.

“म्हणजे झिल जिंकलो!” अक्का म्हणाल्या. “साडेसात किलोच उणो. जमीन तेची.”

“नाय, अक्का.” निहारने मान हलविली. “जो भात इलोच नाय, तो मी मोजणार नाय. आणि जो इलो, तेच्यात युरिया पडलेलो. अशा नमुन्याचो निकाल लावणत नाय. जिंकलंय पण नाय, हरलंय पण नाय. चाचणी बाद.”

“बाद म्हणजे?” भाईंनी विचारले.

“बाद म्हणजे परत करूची लागतली. पयल्यापासून.”

“म्हणजे पुढच्या पावसाळ्यात?”

“होय.”

भाईंनी तोंड वळवून मेरेवरचे गवत उपटण्यास प्रारंभ केला. ते तोंड लपवीत आहेत हे सावित्रीकाकींना दिसले. का लपवीत आहेत, हेही दिसले. पंचेचाळीस वर्षांची सवय परत आली आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, “ह्यांका ऊन लागला. चला घराकडे.”

“थांब गो,” अक्का म्हणाल्या. “न्याय झालो नाय. भाई परत थंय मूठ टाकूचो नाय, कशावरून?”

“शपथ घेतंय,” भाई गवतातून म्हणाले.

“तुझी शपथ आमका म्हायत आसा. दुधी परत लावचंय नाय म्हणान पण घेतली होतंस.” अक्कांनी काठी मेरेवर रोवली. “तुमचो रोग मी सांगतंय. ह्या घरातलो माणूस दुसऱ्याचा भला करूक चोरून जाता. तर आता उघड करा. पुढच्या वर्सा शेता बदला. मेरेपलीकडे भाई. शेण, पालो, ता पिंप, सगळा भाईन आपल्या हातान करूचा. अलीकडे निहार. युरिया तेना टाकूचो, भिंतीवर लिवलाहा तसो. दाणो कमी नाय, दाणो जास्ती नाय.”

“मी युरिया?” निहार म्हणाला.

“मी शेणाचा पाणी?” भाई त्याच श्वासात म्हणाले.

काका-पुतण्यांचे तीन वर्षांत प्रथमच एकमत झाले होते.

“पलीकडची तीन वर्सा तशीपण आता नव्यान मोजूची लागतली,” श्रिया निहारला हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत जे चमकत होते त्यास गणित म्हणता आले नसते. “आणि शेणाचो भात भाईकाकांच्याच हातसून चांगलो इलो, तर कोण म्हणणार नाय, तू लबाडी केलंस म्हणान. ह्याच्यापेक्षा चोख चाचणी खंय गावतली?”

निहारने मेरेच्या दोन्ही बाजूंना पाहिले. मग फोन काढला. चार वाजून चाळीस मिनिटे झाली होती. त्याने पुण्याला शुद्ध कार्यालयीन भाषेत दोन ओळी लिहिल्या: ‘तूर्त येऊ शकत नाही. येथील एक चाचणी अपूर्ण आहे.’ आणि पाठविताना त्याला असे जाणवले की आपण एकही अक्षर खोटे लिहिलेले नाही.

“कळवलंस?” भाईंनी विचारले.

“कळवलंय.”

“काय?”

“रवतंय.”

भाईंनी हातातले गवत टाकले. उठण्यासाठी त्यांनी पुतण्याकडे हात पुढे केला आणि त्याने तो धरला. उभे राहिल्यावरही त्यांनी तो लगेच सोडला नाही. काही पावले दोघे तसेच चालले. पुढे अक्का श्रियेला वजनाच्या वेळी पोते कसे धरावयास हवे होते ते समजावून देत होत्या. मागून लवू ते लहान पोते कोणत्या कणगीत रिते करू, असे विचारीत येत होता.

“हां रे,” भाई घसा खाकरून म्हणाले. गोदामाच्या चिटणीसाचा स्वर त्यांच्या कंठात परतला होता. “त्या तुझ्या जीवामृतात गूळ किती घालतंस?”

“दोनशे लिटराक दोन किलो.”

भाईंनी क्षणभर विचार केला.

“मी तीन घालतलंय.”